कपाट, काळी पट्टी आणि बोली न लागलेला मेहुणा

मंगळवार, दुपारचा चहा झाल्यावर

चिरंजीव गुंड्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद, आणि सोबत एक कान पिळणं, तेही पोचल्याचं समजून घे. (तू आता आजोबा झालास, डोक्यावरचं छप्पर उडालं, तरी ज्याने माझ्या डब्यातली कोटाची गुंडी गिळली आणि अख्ख्या घराला तिच्या परतीची वाट बघत बसवलं, त्याला मी दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारू?) तुझी अ‍ॅसिडिटी कशी आहे? गुडघा काय म्हणतो? भावजयीची पाठ अजून दुखते का? तिला म्हणावं, एवढी वर्षं तुला सोसलं म्हटल्यावर पाठीने तक्रार केली तर ते पाठीचं चुकलं असं म्हणता येणार नाही. हे सगळं मी फोनवर विचारलं असतं, पण तू फोन उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर "रेंज नाही, रेंज नाही" हे इतक्या खणखणीत आवाजात सांगतोस की माझ्या शेजारणीलाही ऐकू जातं. म्हणून पत्र. कोबीचा ट्रक तुझ्या गल्लीवरूनच जातो, ट्रकवाला बाजारातला, ओळखीचा. त्याच्या हाती देते आहे. आणि आधीच सांगून ठेवते, मला तुझ्याकडून काहीएक नको आहे. नुसती ख्यालीखुशाली.

तुझे भावोजी बरे आहेत. डॉक्टर त्यांच्यावर खूश आहेत. (डॉक्टरांना खूश व्हायला काय जातं, आवाज ह्यांचा गेलाय.) उभा जन्म ज्या माणसाने भाजीबाजाराच्या कठड्यावर उभं राहून लिलाव पुकारला, ज्यांच्या नुसत्या 'एक वार'ने पलीकडच्या रस्त्यावरची कुत्री उठून बसायची, त्यांच्या घशातून आता सायकलच्या चाकातून निघावी तशी हवा निघते. मग पाटी आणि पेन्सिल. पाटीवर मावलं नाही ते चमच्याने. टेबलावर पहिला टोला म्हणजे 'ऐक', दुसरा म्हणजे 'ऐकलंस का', आणि तिसरा म्हणजे सौदा पक्का, आता वाद नाही. घरात कुणाचं चालतं हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा तिसरा टोला हल्ली मीच त्यांच्या हातून चमचा घेऊन मारते.

तर येत्या रविवारी सकाळी बाजारवाल्यांनी त्यांचा सत्कार ठेवलाय, तिथेच, कठड्यावर. निरोप घेऊन काटेवाला आला होता (वजनाच्या काट्यावर बसतो तो, काडीसारखा, स्वतःचं वजन कधी केलं नसणार). ह्यांनी पाटीवर लिहिलं, "मुक्याचा सत्कार नको." आणि तीन टोले, तिसराही माझ्या हाती चमचा न देता. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्या बाजारात त्यांनी पाऊल ठेवलेलं नाही, गुंड्या. दूध आणायला निघाले तरी बाजार टाळून टाकीच्या बाजूने लांबचा फेरा मारतात, आणि विचारलं तर लिहितात, "चालणं चांगलं." मी काटेवाल्याला जिन्यात गाठून सांगितलं, तुम्ही तयारी करा, ह्यांना आणायचं माझ्याकडे लागलं. आणि नुसतं ह्यांनाच नाही, मी एक फिल्म घेऊन येते. बाजारातली सगळी माणसं त्यात ह्यांच्याबद्दल चार शब्द बोलतील, आणि शेवटी, त्या कठड्यावरच्या कर्ण्यातून, ह्यांचा स्वतःचा आवाज येईल. ते आहे म्हटल्यावर मी ह्यांना उचलून नेईन. ते नसेल तर ह्यांनी जावं असं मलाही वाटत नाही.

आता तू म्हणशील, ताई, तुला हे कुठून येतं? नाही येत. पण बाह्या लावायला तरी मला कोणी शिकवलं होतं? उसवून बघितलं, पुन्हा शिवलं, झालं. पुढच्या खोलीत कापडं बेतायचं टेबल रिकामंच होतं, त्यावर जुना कॉम्प्युटर मांडला, शेजारी शिलाई मशीन (आधाराला). फुकटात मिळणारं एक एडिटिंगचं सॉफ्टवेअर उतरवलं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा पडद्यावर इतकी बटणं होती की मला वाटलं आपण चुकून विमानात बसलो. मग इंटरनेटवर एक उत्साही गृहस्थ सापडले, ते सगळ्या अडचणींवर उपाय सांगतात. दर वेळी सुरुवातीला आपण कोण, मग आपण का, मग घंटीचं बटण दाबा, आणि उपायापर्यंत पोचेतो आपली अडचण काय होती तेच आपण विसरलेलो. पण ह्यांना तो माणूस फार आवडला. (मी शिवणाचे प्रकार बघते असं ह्यांना सांगितलंय. एकदा लिहून विचारलं, "ह्या शिवणात फ्रेम रेट कुठे असतो?" मी म्हटलं, गळ्याला.)

काम तसं शिवणाचंच आहे. बाजारातल्यांनी पाठवलेले तुकडे एका लांब पट्टीवर ओळीने मांडायचे, नको ते कातरायचं, जोडायचं. पण कापड निदान तोंडाने बोलत नाही. पहिल्यांदा, अंडीवालीने पाठवलेला तुकडा त्या सॉफ्टवेअरने घेतलाच नाही. तिच्या सुनेचा फोन नवा, त्याची जात नवी, आमचं यंत्र जुन्या वळणाचं. नुसता आवाज येई आणि चित्र काळं. उत्साही गृहस्थांनी सांगितल्याप्रमाणे तो तुकडा दुसऱ्या एका प्रोग्राममध्ये घालून जुन्या जातीचा करून घेतला, मग मुकाट आत आला. मग चित्र अडखळायला लागलं. काटेवाला एक शब्द बोले, थांबे, डोळे अर्धे मिटलेल्या अवस्थेत ताटकळे, मग एकदम तीन वाक्यं घाईने. त्यावर उपाय असा की खरं कापड बाजूला ठेवायचं आणि त्याची हलकी, कमी दर्जाची नक्कल करून तिच्यावर काम करायचं, शेवटी खऱ्यावर उतरवायचं. हे मला चटकन समजलं. कच्चा टाका घालून गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघतो, तेच की हे! मी एवढी खूश झाले की उठून चहा केला, आणि तेवढ्यात ते सॉफ्टवेअर न सांगता बंद पडलं. सेव्ह केलेलं नव्हतं. सकाळ गेली. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर म्हणाला, आजी, बंद करून पुन्हा चालू करा. त्याचा सगळ्यावर हाच उपाय. (मी मनात म्हटलं, बाबा रे, हा उपाय घशावर चालत असता तर तुला मी सोन्याचा दात बसवून दिला असता.)

पुढे ओठ आणि आवाज यांचं बिनसलं. हमालांचा मुकादम ह्यांच्याविषयी फार हळवं बोललाय, पण आमच्या फिल्ममध्ये तो आधी सगळं तोंड हलवून घेतो, नाक पुसतो, आणि मग त्याचा आवाज येतो, "...देवमाणूस." फोनवर घेतलेल्या चित्रांचा वेग म्हणे एकसारखा नसतो, मधेच हळू मधेच भरभर, त्याला एका वेगाला बसवून घ्यावं लागतं. बसवलं. मग उभे धरून काढलेले तुकडे. दोन्ही बाजूंना काळे पडदे, मध्ये माणूस, जसा दाराच्या फटीतून डोकावतोय. मी तो कोपऱ्याला धरून ताणला. काटेवाला पडदाभर पसरला, बटाट्याचं पोतं. पुन्हा आत घेतला. सगळ्यात शेवटी ह्यांचं नाव मोठ्या अक्षरांत घालायला गेले, तर त्या सॉफ्टवेअरला आपली मराठी अक्षरं जोडता येईनात. वेलांटी एकीकडे, मात्रा दुसरीकडे, रफार तर वर छताला जाऊन चिकटला. दुसरा फॉन्ट घाल, तिसरा घाल. शेवटी वैतागून ह्यांच्याच पाटीवर खडूने नाव लिहिलं, फोनवर फोटो काढला आणि तो फोटो फिल्ममध्ये टाकला. सुरेख दिसतं. (ह्यांनी संध्याकाळी पाटी घेतली, स्वतःचं नाव बघितलं आणि खाली लिहिलं, "विसरायला झालंय का?")

आता मुख्य तुकड्याकडे येते. ह्यांचा आवाज. उभ्या जन्मात इतकं ओरडले, पण कोणी म्हणून ते रेकॉर्ड करून ठेवलेलं नाही. ज्याचा आवाज रोज कानात आदळतो त्याचा कोण साठा करून ठेवतो? अख्ख्या जगात एकच तुकडा आहे, आणि तो गुंड्या, तू काढलेला आहेस. तोच, गेल्या वर्षीचा, कपाटाचा. तू तुझ्या पद्धतीने ती हकीकत भावकीत सांगत असतोस, आता माझ्याकडून ऐक. आमचं लाकडी कपाट जिन्याच्या वळणात अडकलं होतं. वर हे, खाली दोन हमाल, मधल्या पायरीवर कपाटाच्या मागे दातांचे डॉक्टर कोंडले गेलेले (वरच्या मजल्यावरचे, त्यांचे पेशंट त्यांची वाट बघत बसलेले). आणि तुला ज्या कोपऱ्याला हात लावायला बोलावलं होतं तो कोपरा सोडून तू जिन्याच्या कठड्याला टेकून फोनवर शूटिंग करत होतास. तेव्हा ह्यांच्या अंगात बाजार आला. "या मंडळी, या! एक मेहुणा विकणे आहे! ताजा नाही, पण टिकाऊ! काम करत नाही, त्यामुळे झिजलेला नाही! बोला, कोण घेतंय?" जिना दणाणला. हमाल हसून हसून कपाट सोडायच्या बेतात. आणि कपाटामागून डॉक्टरांचा बारीक आवाज आला, "फुकट दिलात तरी नको."

तिथे तू फोन खिशात घातलास आणि तडक खाली उतरलास. ते कपाट मागे घसरलं, त्याचा एक पाय मोडला. दुसऱ्या दिवशी तू तो तुकडा मला एकटीला पाठवलास, 'अपमानाचा पुरावा' असं वर लिहून. तेव्हापासून तू आमच्या घरी आलेला नाहीस. नाही म्हणायला ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलात आलास, पण ते शुद्धीत नसताना आलास आणि शुद्धीवर यायच्या आत गेलास. नर्सने सांगितलं मला, टक्कल, चष्मा आणि हातात फळांची पिशवी. पिशवीच्या गाठीवरून ओळखलं. तुझ्यासारखी न सुटणारी गाठ दुसरा कोणी मारत नाही.

असो. तो तुकडा मी पट्टीवर मांडला. तू फोन खिशात घातल्यावर चित्र काळं होतं, ते मी जादा कापड समजून कातरायला निघाले. कात्री लावणार, तोच दिसलं की काळ्या पट्टीखाली आवाजाच्या रेघा उभ्या आहेत, डोंगरासारख्या. रिकामी नव्हती पट्टी. तू फोन बंद केलाच नव्हतास बाबा, नुसता खिशात घातला होतास. मी कानाला लावून ऐकलं. काय ऐकलं ते आत्ता सांगत नाही. मग बराच वेळ मी नुसती शिलाई मशीनचं चाक फिरवत बसले.

झाली फिल्म. बघून मीच रडले, म्हणजे चांगली असणार. आता ती बाहेर काढायची, एक्स्पोर्ट म्हणतात त्याला. हळूहळू पुढे सरकत सरकत शंभर टक्क्यांच्या उंबऱ्यावर आली आणि तिथे पाय रोवून बसली. मग फलक आला, जागा शिल्लक नाही. आता तूच सांग, शिवण झाल्यावर टेबल भरलेलं असेल तर बाई काय करते? खालच्या चिंध्या झाडते! माझ्या दुकानात कधी तू कापडाचा तुकडा पडलेला बघितलास का? कपडा शिवून झाला, तुकडे त्यात बसले, आता मूळ तुकड्यांचा काय उपयोग? मी ते सगळं फोल्डर पुसलं. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. एवढ्यावर थांबते ती मी कसली, हातात झाडू आहेच तर फोनही झाडला, तुझ्या त्या 'अपमानाच्या पुराव्या'सकट. आणि समाधानाने फिल्म पुन्हा उघडली, तर काटेवाला, अंडीवाली, मुकादम, सगळ्यांच्या जागी लालभडक पाट्या. फाइल सापडत नाही. फाइल सापडत नाही. फाइल सापडत नाही.

उत्साही गृहस्थांना विचारलं. (घंटी दाबली. आता मी काहीही दाबायला तयार होते.) त्यांनी हसत हसत सांगितलं की फिल्ममध्ये मुळात तुकडे नसतातच! पट्टीवर दिसतो तो नुसता पत्ता, माल तिकडे गोदामातच असतो, आणि मूळ फाइल कधीही पुसू नका बरं का मंडळी. अरे मग आधी सांगायला काय झालं होतं? हे कसलं शिवण, ज्यात अंगरखा अंगावर आणि कापड दुकानात? आणि त्या हलक्या नकलाही त्याच फोल्डरात होत्या, त्याही गेल्या. दुरुस्तीवाल्याने दिवसभर कॉम्प्युटर उघडून ठेवला आणि शेवटी काय म्हणाला ते तुला माहीतच आहे. बंद करून चालू केला. लाल ते लालच.

बाजारातल्यांनी बिचाऱ्यांनी पुन्हा पाठवलं सगळं. मुकादमाने तर पुन्हा बोलून पुन्हा नाक पुसून पाठवलं. एकेक लाल पाटी निवळत गेली, नव्या डिस्कवर जागाही झाली. आता एकच लाल पाटी उरलीय, अगदी शेवटची.

तर असं इकडचं वर्तमान. तुझ्याकडून काहीच नको, हे मी वर म्हटलंच आहे. बेसिनचा नळ बदलून घेतलास का ते कळव. भावजयीला आणि नातवंडांना आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. काहीच नको, हे खोटं होतं. तो तुकडा पाठव. तू पुसला असशील असं मला क्षणभरही वाटत नाही. अपमान फेकून देणाऱ्यातला तू नाहीस, शाळेतले सुद्धा तू घडी घालून ठेवलेले आहेत. फोनवरून निरोपात पाठवू नकोस, तसा पाठवला की तो चेपला जातो आणि आवाज डब्यात बसल्यासारखा येतो. ट्रकवाल्याच्या हाती पेनड्राइव्ह दिलाय, त्यात घाल. तो घेतल्याशिवाय हलणार नाही, मी त्याला तसं बजावलंय, आणि त्याचा ट्रक तुमच्या फाटकाच्या बरोबर आडवा लागेल.

दुसरा ता. क. आणि काळ्या भागाला हात लावू नकोस, तो तसाच हवा. तू तो कधी ऐकलाच नसशील, चित्र काळं झाल्यावर कोण ऐकतं. ऐक. आधी तुझ्या चपलांचा आवाज आहे, तरातरा उतरतोयस. मग खिशातल्या किल्ल्या. आणि मग वरून, जिन्याच्या टोकावरून, तुझ्या मागे येणारा त्यांचा आवाज. मी शब्द तसेच लिहिते. "अरे थांब! गिऱ्हाईक मिळालं! मीच घेतला! ऐकतोस का, माझी बोली! एक वार... दोन वार... अरे, थांब की रे गाढवा, जेवून तरी जा!" मग रस्ता, मग तुझी स्कूटर. 'तीन वार' झालंच नाही. त्यांचा धडधाकट आवाज माझ्यापाशी एवढाच होता, गुंड्या, आणि तो इतके दिवस तुझ्या खिशात तुला हाक मारत बसला होता.

तिसरा ता. क. घोटाळा झाला. मी पाकीट शोधायला आत गेले आणि हे पत्र टेबलावर राहिलं. परत आले तर भावोजी चष्मा लावून शेवटच्या ओळीवर. फिल्मचं कळलं, शिवणाचं कळलं, 'उचलून नेईन' हेही कळलं. मी म्हटलं, आता काय ते लिहा एकदाचं. त्यांनी पाटी पुसली, स्वतःचं नावही पुसलं, आणि लिहिलं, "रविवारी येतो. मालाची डिलिव्हरी कठड्यावर घेईन." त्याखाली बारीक अक्षरात, "कपाटाचा पाय अजून मोडलेलाच आहे." मग चमचा उचलला. एक टोला. दुसरा टोला. आणि तिसऱ्यासाठी हात वर उचलून दाराकडे बघत बसलेत. मी चमचा काढून घ्यायला गेले तर देत नाहीत. परत येताना ट्रकवाल्याच्या शेजारची सीट रिकामी आहे. लवकर नीघ, हात दुखेल त्यांचा.